जाडी आणि वीण

पोरं मोबाईलवर इंडियाना जोन्सचा फोटो धरतात आणि म्हणतात, "मामा, अस्संच पाहिजे. पण लेदर जाडजूड घाला." या दोन्ही मागण्या एका जॅकेटात बसत नाहीत. 1981 च्या त्या पहिल्या चित्रपटातलं जॅकेट पातळ, मऊ चामड्याचं आहे, म्हणून तर ते हॅरिसन फोर्डच्या अंगावर सदऱ्यासारखं पडतं. त्याचा जुनेपणाही बनवलेला: वेशभूषाकार डेबोरा नॅडूलमननं ते तारेच्या ब्रशनं घासून घेतलं होतं. जाड चामडं हवं असेल तर अमेरिकी वैमानिकांचं 1931 चं ए-2 जॅकेट बघावं. ते मूळचं घोड्याच्या कातड्याचं. आमच्या शिरूरला, म्हणजे जुन्या माणसांच्या घोडनदीला, इंग्रजांच्या घोडदळाची छावणी होती खरी, पण घोड्याचं कातडं मागायला आता कुणी येऊ नये.

आधी मी गिऱ्हाइकाला विचारतो, गाडी कुठे चालवणार? उत्तर बहुतेक ठरलेलं. लडाखचं नाव घेतात, पण रोजची फेरी शिरूरहून न्हावरा ओलांडून, भीमेचा पूल पार करून केडगाव-चौफुला, तिथून दौंड. हिवाळ्यात नदीकाठी पहाटे बोटं आखडतात, मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो, आणि साखर कारखान्यांच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागे धूळ खात जावं लागतं. जॅकेट या रस्त्यासाठी शिवायचं असतं.

मग मी तीन तुकडे पुढे ठेवतो: म्हैस, मेंढी, शेळी. 2015 मध्ये गोवंश हत्याबंदी बैलांनाही लागू झाली, त्यामुळे राज्यातला माल मुख्यतः या तिघींचाच.

म्हशीचं कातडं मुळात जाड, मोटेला शोभेल असं. जॅकेटासाठी ते मशीनवर चिरून, तासून मिलिमीटर-सव्वा मिलिमीटरवर आणतात, आणि घोटाळा होतो तो इथे. कातड्याची ताकद वरच्या गुळगुळीत थरात नसते. ती त्याखाली एकमेकांत गुंतलेल्या तंतूंच्या विणीत असते. जाड कातडं तासताना नेमकी ती वीण कमी होते. शेळीचं कातडं जन्मतःच मिलिमीटरभर. तासावं लागलं तरी थोडंच, त्यामुळे तिची वीण बरीचशी शाबूत राहते. मोजपट्टीवर दोन्ही तुकडे सारखेच भरतील, पण ताणून बघा. गिऱ्हाइकाला हे सांगून पटत नाही, म्हणून दोन्ही कात्रणं त्याच्याच हातात देतो.

मेंढीचं कातडं बोटांना सगळ्यात गोड लागतं. पण आपल्या धनगरांच्या दख्खनी मेंढ्या लोकरीच्या. लोकरीची मुळं आणि चरबी यांमुळे वरचा थर आतल्याशी घट्ट बांधलेला नसतो, कोपरावर पापुद्रा सुटतो. फोटो काढण्यापुरतं जॅकेट हवं असेल तर मेंढी खुशाल घ्या.

कमावणीबद्दल मात्र मी वाद घालत नाही. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं चामडं मला मनापासून आवडतं. 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली कोल्हापुरी चप्पल त्यावरच उभी आहे. पण ते पायाखाली शोभतं. घामानं आणि उन्हानं ते कडक होतं. क्रोमनं कमावलेलं चामडं मऊ राहतं आणि उष्णताही जास्त सोसतं. कापलेल्या कडेत निळसर राखाडी रेघ दिसली की क्रोम ओळखावं. रंग तपकिरी घ्यावा. काळा दुपारी भाजून काढतो.

डाग नसलेलं चामडं मागणाऱ्यांची मला गंमत वाटते. शेळी बाभळीच्या काट्यात तोंड घालून वाढते, तिच्या अंगावर ओरखडे असणारच. अजिबात ओरखडा नसेल तर वरचा थर घासून त्यावर रंगाचा लेप दिलाय का, हे आधी बघावं. मी पाठीचा पट्टा जॅकेटच्या पाठीला आणि खांद्याला लावतो. पोटाकडचं चामडं लोंबतं, ते कॉलरच्या आत आणि खिशाच्या पट्ट्यांत जिरवतो. बाह्यांवर एखादा बरा झालेला ओरखडा मुद्दाम येऊ देतो, अर्थात गिऱ्हाइकाला विचारून.

जॅकेटला 35 ते 40 चौरस फूट लागतात आणि एक शेळी जेमतेम चार-पाच फूट देते. म्हणजे आठ-दहा कातडी, तीही एकाच लॉटची, नाहीतर बाही एका छटेची आणि छाती दुसऱ्या. धारावीतून माल आणताना मी दोन कातडी जास्तीची घेतो आणि त्यांचे पैसे बिलात उघड लावतो. त्यावरून घासाघीस होते. कोपर फाटल्यावर त्याच लॉटचा तुकडा दुसरीकडे कुठे मिळणार, असं विचारलं की बहुतेक जण पैसे देतात.