दूध पिताना येणारा घाम

मी दोन महिन्यांचा होतो तेव्हाची गोष्ट, आईकडून शंभरदा ऐकलेली. बार्शीतली डिसेंबरची थंडी, आणि दूध पिताना माझ्या कपाळावरून घाम निथळायचा. चार घोट घेतले की धाप लागायची, मी दमून झोपायचो आणि परत भुकेने रडत उठायचो. वजन वाढेना. आजीने दृष्ट काढली, बाळकडू दिलं आणि शेवटी निकाल देऊन टाकला, "हिच्या दुधातच कस नाही."

पाचव्या महिन्यात पुण्यात निदान झालं. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला मोठं छिद्र, म्हणजे व्हीएसडी. ऑपरेशन झालं, छिद्रावर ठिगळ बसलं. आता छातीवर व्रण आहे, बाकी मी ठणठणीत. पण तो घाम का यायचा, हे आईला कुणी सांगितलंच नाही. मलाही ते गेल्या वर्षी कळलं, फॉलोअपच्या रांगेत बसून मोबाइलवर वाचताना.

छिद्रातून बरंचसं रक्त शरीराकडे जायचं सोडून पुन्हा फुप्फुसांकडे वळतं. (जन्मल्यावर फुप्फुसांतला दाब काही आठवडे जास्त असतो, म्हणून सुरुवातीला बाळ छान दिसतं.) मेंदूला छिद्र कुठे दिसतंय? त्याला एवढंच कळतं की पुरवठा घटलाय, जणू कुठेतरी रक्त वाहून चाललंय. मग सिम्पथेटिक नसा हृदयाच्या स्नायूवर नॉरअॅड्रेनॅलिन सोडतात. धाव, अजून जोरात! याच नसा घामाच्या ग्रंथींपर्यंतही जातात. आणि तान्ह्या बाळाला दूध ओढण्याएवढे कष्ट दुसरे कसले?

तिकडे किडन्या घाबरून रेनिन सोडतात, मीठ-पाणी धरून ठेवतात. आधीच तुडुंब भरलेल्या हृदयावर आणखी भार. हे फार दिवस चाललं तर स्नायूच्या पेशींवरचे, ती हाक ऐकणारे बीटा रिसेप्टरच कमी होत जातात. सतत वाजणारा ग्रुप आपण म्यूट करतो तसं.

हृदय मात्र नुसतं ऐकून घेत नाही. ताणलं गेलं की तेही हॉर्मोन सोडतं आणि किडन्यांना सांगतं, जाऊ दे ते मीठ-पाणी. १९८१मध्ये कॅनडात अडोल्फो दे बोल्ड यांनी उंदरांच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा अर्क दुसऱ्या उंदरांना टोचला, तर त्यांची लघवी भरमसाट वाढली. तोवर हृदयाला सगळे पंपच समजत होते. मला हा प्रयोग भयंकर आवडतो.

हे सगळं मी आईला लाइट बिलाच्या पाठीवर चित्र काढून सांगितलं. ती गवार निवडत होती. रेनिन येईपर्यंत तिचं लक्ष होतं, नंतर नसावं.

"ते नसांचं राहू दे," ती म्हणाली. "म्हणजे माझं दूध पुरत होतं?"

"पुरत होतं गं. मलाच ओढायला जमत नव्हतं."

आजीला जाऊन आता नऊ वर्षं झाली. आईने बिल हातात घेतलं, बराच वेळ बघितलं आणि घडी घालून डब्याखाली ठेवलं.

"हे तेव्हा कुणी बोललं असतं तर," एवढंच म्हणाली.