मनिऑर्डरीचा संसार

विवाहाला हिशेब लावला की प्रेमाचा अपमान होतो, ही समजूत सुशिक्षितांत फार दृढ आहे. म्हणूनच गॅरी बेकर ह्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७३ साली, एकटे राहण्यापेक्षा एकत्र राहण्यात उभयतांचा अधिक लाभ दिसतो म्हणून माणसे विवाह करतात, आणि घरच्या व बाहेरच्या कामाच्या विभागणीतून तो लाभ निपजतो, असा सिद्धान्त मांडला, तेव्हा पुष्कळांना तो अभद्र वाटला. मला तो तसा वाटत नाही. जिथे मानपानाच्या लुगड्यांपासून वऱ्हाडाच्या गाडीभाड्यापर्यंत सारा तपशील कलमवार लिहून, देण्याघेण्याच्या यादीवर वडीलधाऱ्यांच्या सह्या झाल्यावरच सुपारी फुटते, त्या मुलखातल्या माणसाने हिशेबाच्या नावाने नाक मुरडणे शोभत नाही.

चिपळूणच्या पंचक्रोशीत तर ही श्रमविभागणी बेकर जन्मले त्या १९३० सालाच्या कितीतरी आधीपासून रुळलेली होती. खोतीच्या अमदानीत खोताचा वाटा जाऊन उरलेल्या भातात वर्ष निघत नसे. म्हणून कर्ता पुरुष गोवळकोटच्या बंदरातून, आणि पुढे सडकेने, मुंबईच्या गिरणीत जाई, लालबाग-परळच्या खोलीत दहाजणांत पथारी टाकी, गणपतीला आणि शिमग्याला घरी येई. आणि मधल्या काळात नवराबायकोचे नाते टपालखात्याच्या मनिऑर्डरीच्या फॉर्मावर चाले. त्या फॉर्माची पोचपावती तिच्या सहीनिशी अथवा अंगठ्यानिशी मुंबईस परत जाई, आणि चार बोटे मजकुराची जागा असलेले कुपन तिच्यापाशी राही. ओळखीच्या एका घरी, दोऱ्याने बांधून ठेवलेली अशी कुपने मी पाहिली आहेत: वीस दुकानदारास देणे, दहा बाबांच्या औषधास वेगळे ठेवणे, भाजावळ झाली का ते कळविणे, पावसाआधी पडवी शाकारून घेणे. क्षेमकुशल विचारण्यास जागाच उरलेली नाही. ह्या टाचणात ममता कुठे आहे, असे ज्याला वाटेल, त्याने औषधाचे दहा रुपये वेगळे काढणारा तो माणूस त्या महिन्यात खाणावळीत काय जेवला असेल, ह्याचाही विचार करावा.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि मनिऑर्डरी आटल्या. त्या दिवसांत कसे निभावले, असे मी त्या घरच्या काकींना विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "ते पाठवीत होते आणि मी इथे बसून खात होते, असे वाटते का तुम्हाला? संपात वर्षभर ह्यांना तांदूळ इथून गेला."

बेकरच्या जमाखर्चात मला जे उणे वाटते ते इथे आहे. काकींनी घर सांभाळलेच, शिवाय लावणी, बेणणी, कापणी, झोडणी, गुरे, सासऱ्यांचे दुखणे हे सारे वर्षानुवर्षे ओढले. मिळकत दोघांच्या श्रमांतून टिकली, परंतु सातबाऱ्यावर नाव एकाचेच राहिले. सोसायटीचे पीककर्ज खातेदारास मिळते. ज्या बाईने तो तुकडा पिकविला तिला कर्जासाठी मुंबईहून नवऱ्याची सही मागवावी लागे. लाभ वाढला, हे अर्थशास्त्राने बरोबर सांगितले. तो कोणाच्या हाती गेला, हे विचारल्यावाचून मात्र हिशेब पुरा होत नाही. १९८६ च्या चांदवडच्या महिला अधिवेशनानंतर शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला आणि नवऱ्यांनी आपखुशीने जमिनीचा वाटा बायकोच्या नावे करावा असा आग्रह धरला. जोशी स्वतः अर्थशास्त्राचे अभ्यासक, आणि बायकोच्या श्रमाचे देणे फेडावयाचे ही त्यांची भूमिका सरळ हिशेबाची होती. ती मला पुष्कळ प्रेमकवितांहून अधिक प्रेमळ वाटते.

आमच्याकडे लग्नाच्या बैठका अजून होतात आणि याद्या अजून लिहिल्या जातात. त्यांत लुगड्यांच्या आणि भांड्यांच्या कलमांआधी एक कलम घालावे, की लग्नानंतर पहिल्याच वर्षी घर आणि जमीन ह्यांवर सुनेचे नाव लागेल. आणि त्या कलमाखाली वरपित्याबरोबर नवऱ्या मुलानेही सही करावी.