धाग्याआधी नजर

हनुवटीवर धागा ठेवण्याआधी मी गिऱ्हाइकाला खिडकीपाशी बसवते. ट्यूबलाइटखाली सगळे केस सारखेच वाटतात. उजेड बाजूने आला, की मऊ, फिकट लव कुठे संपते आणि काळा, राठ केस कुठे सुरू होतो ते दिसतं. मग बोट जबड्यावरून उलटं फिरवते. खुंट टोचले तर समजायचं, घरी रेझर फिरलेला आहे. ठाणे स्टेशनच्या पूर्वेला, कोपरीत पार्लर चालवताना धाग्यावर हात लवकर बसला, नजर बसायला मात्र वर्षं गेली.

ओठावरची लव बहुतेक बायकांना असते. काही घरांत आजीपासून नातीपर्यंत ती जरा ठळकच असते. पाळी नियमित असेल, तर त्यात आजार शोधू नये. पण हनुवटी, गळा, छाती, बेंबीखाली राठ केस येऊ लागले, जोडीला पाळी लांबते, मुरमं येतात, वजन वाढतं, तर गोष्ट वेगळी. पुरुषी हार्मोन बाईच्या अंगातही थोडे असतातच. ते वाढले, किंवा केसांची मुळंच त्यांना जास्त दाद देऊ लागली, की लवेचा राठ केस होतो. डॉक्टर शरीराचे नऊ भाग पाहून प्रत्येकाला ० ते ४ गुण देतात. त्या पद्धतीचं मूळ १९६१ सालचं आहे.

विशीतली मुलगी आईबरोबर येते आणि विचारते, “ताई, लेझरच करून टाकू का?” मी विचारते, “पाळी वेळेवर येते का गं?” बऱ्याचदा उत्तर आई देते, तेही आवाज खाली आणून. अशा वेळी मी त्यांना आधी डॉक्टरकडे पाठवते. खाजगी परवडत नसेल, तर कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय जवळ आहे. पुष्कळदा पीसीओडी, म्हणजे अंडाशयाशी निगडित हार्मोनचा बिघाड, निघतो. औषधाचा फरक दिसायला सहाएक महिने जातात, कारण आलेला केस आपलं चक्र पुरं करूनच गळतो. काही महिन्यांतच केस भराभर वाढले, आवाज घोगरा झाला, तर मात्र एक दिवसही थांबू नये.

कारण कळलं, की पद्धत निवडणं सोपं जातं. भुवया आणि अपरलिपला धाग्यासारखं दुसरं काही नाही. मात्र कातडी ताणून धरायला हवी. सैल राहिली तर केस मुळातून न निघता मधेच तुटतो आणि पुढे आत वळून पुळी होते. हातापायांना वॅक्स चालतं. चेहऱ्याला लावण्याआधी मी मुरमांची कुठली क्रीम, कुठल्या गोळ्या चालू आहेत ते विचारते, कारण काही औषधांनी कातडी इतकी नाजूक होते की पट्टीबरोबर सालपट निघतं. रेझरने केस जाड होत नाहीत, हे १९२८ सालीच मिल्ड्रेड ट्रॉटर यांनी तपासून दाखवलं. कापलेलं टोक बोथट असतं, म्हणून ते राठ लागतं.

लेझर केसातला काळा रंग पकडतं. म्हणून पांढऱ्या केसांवर ते चालत नाही आणि लवेवर फारसं नाही. गालावरची लव तर कधीकधी उलट जाड होते. आपल्या सावळ्या कातडीतही तोच रंग असतो. त्यामुळे चुकीच्या मशीनने डाग पडू शकतात. १०६४ नॅनोमीटरचं लेझर त्यातल्या त्यात सुरक्षित. वाढीच्या अवस्थेतलेच केस त्याला दाद देतात, म्हणून चार-सहा आठवड्यांनी पुन्हा पुन्हा जावं लागतं. मधल्या काळात धागा आणि वॅक्स बंद, कारण मूळच उपटलं तर लेझर पकडणार काय? पांढऱ्या केसांना इलेक्ट्रोलिसिस उरतं. सेंट लुइसच्या चार्ल्स मिशेल या डोळ्यांच्या डॉक्टरांनी १८७५ साली आत वळलेल्या पापण्यांसाठी ते वापरलं. सुईतून वीज सोडून एकेक मूळ जाळायचं, त्यामुळे वेळ फार लागतो.

केस काढायचे की ठेवायचे, हे जिचं तिने ठरवावं. पण ते का आले, हे तिला आधी कळायला हवं. तिथवर तिला नेणं माझ्या कामातच येतं असं मी मानते. शिकायला येणाऱ्या मुलींच्या हातात धागा देण्याआधी मी त्यांना विचारायचे प्रश्न शिकवते.