आवाजाचा करारनामा

आमच्या वसतिगृहातील मुलांना गाणे शिकवावे लागत नाही. ते घरूनच येते. वामनदादा कर्डकांची रचना, प्रल्हाद शिंदे यांची लकेर आईच्या ओठांवर ऐकतच ही लेकरे वाढलेली असतात. भीमराव कर्डकांच्या जलशापासून चालत आलेल्या या परंपरेचा आम्हांस अभिमान आहे. मात्र तिच्या दाराशी आता बाजार येऊन बसला आहे.

काही वर्षांपूर्वी एक माजी विद्यार्थी कागद घेऊन आमच्याकडे आला. 14 एप्रिलच्या कार्यक्रमात त्याचे गाणे ऐकून एका कॅसेट कंपनीच्या माणसाने त्याला गाठले होते. रेकॉर्डिंग आणि व्हिडिओचा खर्च म्हणून 40,000 रुपये मुलाकडूनच घेतले. आईने बचत गटाचे कर्ज काढले. गाणे गाजले, मिरवणुकांत डीजेवर वाजले. मुलाला मिळाले काय, तर एक हार आणि एक शाल. (शालही बेताचीच होती, आम्ही पाहिली.) कागदावर लिहिले होते : गाण्याचे सर्व हक्क, सर्व माध्यमांत, कायमचे कंपनीकडे; शिवाय तीन वर्षे अन्यत्र गाण्यास मनाई. सही केली तेव्हा तो सतरा वर्षांचा होता.

"गुरुजी, ते म्हणाले, जुने जलसेवाले पैशासाठी गात नव्हते, मग तू कशाला हिशेब मागतोस?"

या वाक्याने आमचा जितका संताप झाला, तितका त्या 40,000 रुपयांनीही झाला नव्हता. जलसाकार समाजासाठी विनामोबदला गात होते, कंपनीसाठी नव्हे.

इतिहासाच्या अभ्यासकाला यात नवे काही नाही. 1902 साली कलकत्त्यात गौहरजानचा आवाज तबकडीवर उतरला. आवाज गायकाचा आणि तबकडी कंपनीची, ही विभागणी तेव्हापासूनची. साठच्या दशकात लता मंगेशकरांनी गायकांच्या रॉयल्टीचा आग्रह धरला, तेव्हा मोहम्मद रफींचेही मत विरुद्ध पडले. कायद्यात हा हक्क यायला 2012 ची कॉपीराइट दुरुस्ती उजाडावी लागली. व्यावसायिक वापरासाठी गायकाला रॉयल्टी आहे. हक्कांचे हस्तांतरण लेखी हवे, आणि त्यात मुदत नमूद नसेल तर ती 5 वर्षेच धरली जाते. शिवाय 1872 च्या करार कायद्याखाली अज्ञान व्यक्तीने केलेला करार मुळातच निरर्थक. 1903 साली प्रिव्ही कौन्सिलने तसा निर्णय दिला.

आमच्या एका वकील स्नेह्यांनी याच आधारावर नोटीस पाठविली. कंपनीने गाण्याची मनाई मुकाट्याने सोडली. पैसे मात्र परत दिले नाहीत. आईने हप्ते शेतमजुरी करून फेडले. ते गाणे आजही कंपनीच्याच वाहिनीवर वाजते.

यंदा आठवीतील एका मुलीला अशीच विचारणा झाली आहे. तिचा कोरा करारनामा आमच्या टेबलाच्या खणात आहे. तिच्या वडिलांना रविवारी बोलाविले आहे. वकीलसाहेबही येणार आहेत.