डोंबिवलीची संख्या रायस्वाइकात

हेगला लागून असलेल्या रायस्वाइक गावी आमचे कुटुंब राहते. १६९७ साली येथे युरोपातील राजांचा मोठा तह झाला. त्याची आठवण म्हणून वनात उभारलेल्या दगडी स्तंभाला लोक 'सुई' म्हणतात. घरात मराठी बोलणारे आता आम्ही दोघेच. मुलांना समजते, नातवंडांना तेवढेही नाही. आकडे मात्र ती आमच्याबरोबर मराठीत म्हणतात. डच भाषेतही चोवीस म्हणताना आधी चार आणि मग वीस येतात, त्यामुळे आपली उजळणी त्यांना परकी वाटत नाही.

या गोडीचे श्रेय देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांना. डहाणूला जन्मलेल्या या गृहस्थांनी मुलांना शिकवता शिकवता आयुष्यभर संख्यांचा नाद जोपासला. ११ ला ११ ने गुणले की १२१, १११ ला १११ ने गुणले की १२३२१. असे करीत नऊ एक्क्यांचा वर्ग केला की १२३४५६७८९८७६५४३२१ येते. सतरा अंकांची ही संख्या आपल्या जुन्या उजळणीतील परार्धाच्या एकच घर अलीकडे थांबते. उलटसुलट वाचली तरी तीच! मुंबईजवळच्या डोंबिवली स्टेशनावर कल्पना सुचली, म्हणून त्या स्टेशनाच्या तेव्हाच्या 'डेम्लो' या नावावरून कापरेकरांनी अशा संख्यांना डेम्लो संख्या म्हटले.

तिच्या अंकांची बेरीज ८१, आणि ८१ ने तिला निःशेष भाग जातो. अशा संख्येला त्यांनी 'हर्षद', म्हणजे आनंद देणारी, असे नाव दिले. भागाकारही पुन्हा वर्गच, १२३४५६७९ चा. एवढ्या अवाढव्य संख्येचे मूळ अवयव तीनच: ३, ३७ आणि ३३३६६७.

आपण नवगावकर, पेणकर, रोहेकर म्हणवतो. गाव सुटले तरी ते आडनावात राहिले. कापरेकरांनी संख्यांनाही तशीच गावे दिली. दुसऱ्या एका जातीला त्यांनी 'देवळाली संख्या' म्हटले. घरात देशाची आठवण काढताना मला हे मोलाचे वाटते, कारण हा वारसा समजायला नातवंडांना भाषेची अट नाही.

त्यांचा प्रसिद्ध शोध म्हणजे ६१७४. त्यावरील त्यांचे टिपण १९५५ साली न्यूयॉर्कच्या येशिवा विद्यापीठाच्या 'स्क्रिप्टा मॅथेमॅटिका' या नियतकालिकात छापले गेले. देवळालीच्या मास्तरांना यहुदी विद्यापीठाने पान दिले, याचा मला विशेष आनंद आहे. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी लिहिल्यावर त्यांचे नाव जगभर झाले.

आमच्या गावच्या तहाचे साल १६९७ घ्या. अंक उतरत्या क्रमाने मांडून त्यातून चढता क्रम वजा करा: ९७६१ − १६७९ = ८०८२. पुन्हा तसेच: ८८२० − ०२८८ = ८५३२. मग ८५३२ − २३५८ = ६१७४. पुढे कितीही वेळा करा, ६१७४ हलत नाही. तीही हर्षदच आहे: अंकांची बेरीज १८, भागाकार ३४३, म्हणजे साताचा घन.

वाचकांनी आपले कुटुंब ज्या साली बोटीत वा विमानात बसले ते साल घ्यावे आणि मुलांबरोबर मांडून पाहावे. चारही अंक सारखे नसले की फार तर सात पायऱ्या लागतात. तेवढ्या वेळात साल कोणते, बंदर कोणते आणि गाव कोणते, हे सांगून होते.