शिशाच्या गाईचा भाव

माणसाला एखादा छंद असावा असे सगळेच म्हणतात. पण तो आपल्या घरात नसावा, शेजाऱ्याच्या घरात असावा, असे आमच्या कुटुंबाचे स्पष्ट मत आहे. नाणी जमवणाऱ्याला लोक अभ्यासू म्हणतात, पोस्टाची तिकिटे जमवणाऱ्याला निदान निरुपद्रवी म्हणतात. पण साठी उलटलेला गृहस्थ रविवारी सकाळी पिशवीतून दोन इंच उंचीची गाय, तीन डुकरे आणि मान मोडलेला एक जिराफ घेऊन घरी येतो, त्याला काय म्हणावे हे आमच्या आळीत अजून ठरलेले नाही.

मी गेली तीस वर्षे खेळण्यातली जनावरे विकत घेतो आणि त्यांतली बरीचशी विकून टाकतो. शेवटचे वाक्य ऐकले की लोक जरा सावरून बसतात. छंद म्हणजे पैशाची नासाडी अशी आपली घट्ट समजूत. त्यातून पैसे परत येतात म्हटले की ‘आमच्याकडेही माळ्यावर एक लाकडी हत्ती आहे’ असे हळूच सांगू लागतात. मग मला पुष्कळदा नाही म्हणावे लागते. जुने म्हणजे किमती नव्हे. तसे असते तर आमच्या चाळीइतकी मौल्यवान वस्तू मुंबईत दुसरी नव्हती.

या जनावरांच्याही जाती आहेत. इंग्लंडातल्या वेड कंपनीने १९५३ पासून काढलेले चिनी मातीचे बोटभर प्राणी आहेत. अमेरिकेतल्या ब्रेयरचे प्लास्टिकचे घोडे आहेत. त्यांतला पहिला १९५० च्या सुमारास एका घड्याळाच्या शोभेसाठी बनवला गेला, घड्याळ मागे पडले आणि घोडा पुढे गेला. पण माझा जीव जडला तो शिशाच्या जनावरांवर, आणि त्यांतही लंडनच्या ब्रिटन्स कंपनीच्या जनावरांवर.

या कंपनीच्या धाकट्या विल्यम ब्रिटनने १८९३ साली एक साधी पण नामी युक्ती काढली. वितळलेले शिसे साच्यात ओतायचे, साच्याला टेकलेला थर क्षणात थिजला की आतले पातळ शिसे पुन्हा बाहेर ओतून घ्यायचे. राहते ते पोकळ कवच. त्या वेळी बाजारात जर्मनीच्या भरीव शिपायांची सद्दी होती. पोकळ शिपायाला धातू कमी लागे, म्हणून तो स्वस्त पडे. पहिल्या महायुद्धानंतर शिपाई पाहण्याचा लोकांना वीट आला, तेव्हा १९२१ पासून कंपनीने शेतवाडी काढली. गाई, घोडे, मेंढ्या, कोंबड्या, कुंपण, झाडे, गवळण, मेंढपाळ, सगळे काही. मेरी राणीने ही शेतवाडी पाहून ‘गावात एक वेडा तेवढा दिसत नाही’ असे म्हटले आणि कंपनीने तोही करून दिला, अशी आख्यायिका संग्राहक मोठ्या चवीने सांगतात. खरेखोटे राणी जाणे. पण तो वेडा आज गावातल्या सगळ्या शहाण्यांपेक्षा महाग विकला जातो. १९६६ साली कंपनीने शिशाचे काम बंद केले.

आता हे जनावर हातात आल्यावर करायचे काय? पहिल्यांदा ते उलटे करावे. दुकानदाराला हे आवडत नाही, पण गाईचे खरे वय पोटाखाली असते. तिथे कंपनीचे नाव किंवा निदान ‘इंग्लंड’ हा शब्द उठावाच्या अक्षरांत बहुधा सापडतो. मग पाय, कान, शिंगे, शेपूट असे मोजत जावे. मोडलेला पाय आगपेटीच्या काडीने जोडण्याची कला जगभरच्या मुलांना उपजतच अवगत असते. नंतर रंग पाहावा. जुना रंग उडालेला असेल तर हरकत नाही. पण नवा फासलेला असेल तर ती गाय माझ्या हिशेबी अर्ध्याहून खाली येते. लोकांना हे उलटे वाटते. लग्नाच्या मुलीसारखी तिला नटवून उभी केली म्हणजे चांगला भाव येईल अशा समजुतीने कित्येक जण विकायला आणण्यापूर्वी घरी ब्रश घेऊन बसतात. गिऱ्हाइकाला मात्र उडालेल्या रंगात ऐंशी वर्षे दिसतात आणि नव्या रंगात फक्त कालचा रविवार दिसतो. जुन्यावरून साचा घेऊन नव्याने ओतलेली नक्कलही असते. तिचे नाकडोळे साबणाच्या वडीसारखे गुळगुळीत असतात आणि ती पुष्कळदा भरीव, म्हणून हाताला जड लागते.

शिशाला एक रोगही आहे. अंगावर राखेसारखी पांढरी भुकटी धरते आणि आतून धातू खात जाते. ओक लाकडाचे कपाट, नवे प्लायवुड, पुठ्ठ्याचे खोके यांतून निघणारी आम्ल वाफ हे त्याचे कारण. म्हणजे आपण जपून बंद कपाटात ठेवावे आणि कपाटानेच त्याला खावे. असा एक जरी नग ढिगात दिसला तरी मी बाकीचे दोनदा पाहतो. आणि शिसे हे शेवटी विष आहे. ही जनावरे हाताळल्यावर मी हात धुतो आणि नातवाला ती काचेतूनच दाखवतो. दिवाळीत किल्ल्यावर ठेवायला त्याने माझ्याकडे गाय मागितली होती. त्याला कुंभाराकडची मातीची गाय आणून दिली. तो नाराज झाला, कुंभार खूश झाला.

पण परीक्षा करता आली म्हणजे व्यवहार करता आला असे नव्हे. भाव म्हणजे काय, हे लोकांना अखेरपर्यंत उमगत नाही. मोबाइलवर कोणी एका गाईपुढे दहा हजार लिहिलेले असतात, की आपल्या गाईचे दहा हजार झाले! अहो, ते मागितलेले पैसे. मिळाले किती? मी मागणीचा आकडा पाहतच नाही. लिलावात हातोडा पडून पैसे मोजले गेले तो आकडा पाहतो. त्यातून लिलावाची दलाली, टपाल, बांधाबांध आणि वाटेत मोडणारे एखादे शिंग वजा करतो. उरेल त्याच्या निम्म्याहून जास्त पैसे मी खरेदीला देत नाही. नफा विकताना होतो असे लोक समजतात. तो घेतानाच झालेला असतो किंवा हुकलेला असतो.

याचा भला मोठा धडा अमेरिकेत झाला. १९९३ साली टाय नावाच्या कंपनीने प्लास्टिकचे दाणे भरलेले कापडी प्राणी बाजारात आणले, ‘बीनी बेबीज’. चार-पाच डॉलरांचे खेळणे. कंपनी मधूनच एखादा प्राणी ‘निवृत्त’ करी, की लोक तो मिळवायला धावत. त्याच सुमारास संगणकावरचे लिलाव सुरू झाले आणि मग ताळतंत्र सुटले. लोक खोकी भरभरून घेऊ लागले, कानाची चिठ्ठी दुमडू नये म्हणून तिला प्लास्टिकची टोपडी घालू लागले. १९९९ साली लास व्हेगासमध्ये घटस्फोट घेणाऱ्या एका जोडप्याने न्यायालयाच्या जमिनीवर उकिडवे बसून या प्राण्यांची वाटणी केली. त्याचा फोटो जगभर छापून आला. त्याच वर्षी कंपनीने जाहीर केले की ३१ डिसेंबरला सगळेच प्राणी बंद. नंतर लोकांचा कौल घेऊन ते पुन्हा सुरूही केले. पण लवकरच भाव असे कोसळले की मुलांच्या शिक्षणासाठी म्हणून साठवलेली खोकी मुलांना खेळायला देण्याच्या लायकीची उरली.

असे का झाले? प्रत्येकाने जपून ठेवले म्हणून. जपण्यासाठीच घेतलेली वस्तू घरोघरी नवी कोरी राहते, मग ती दुर्मीळ कशी होणार? ब्रिटन्सची गाय दुर्मीळ झाली ती मुलांनी तिला चिखलात लोळवली, पाय मोडले, हरवली म्हणून. लाखातली जी चुकून वाचली, तिला भाव आला. म्हणून नव्या डब्यावर ‘संग्रहासाठी मर्यादित आवृत्ती’ असे छापलेले दिसले, की मी तो डबा खाली ठेवतो आणि चहा प्यायला जातो.

गेल्या वर्षी आमच्या गिरगावातल्या जुन्या चाळीतल्या काकूंनी बोलावणे पाठवले. काकूंची ब्याऐंशी वर्षे झाली आहेत. त्या लग्न होऊन चाळीत आल्या तेव्हा मी रांगत होतो, त्यामुळे त्यांच्या लेखी मी अजून ‘बाळ्या’च आहे. काकूंचे सासरे बॅलार्ड इस्टेटमधल्या एका विलायती कंपनीत हेडक्लार्क होते. १९४७ साली साहेब मायदेशी निघाला तेव्हा त्याने आपल्या मुलाची खेळणी यांच्या मुलाला, म्हणजे काकांना, देऊन टाकली. काका आता नाहीत. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ती जनावरे मात्र होती, आणि माळ्यावर त्यांचा पुठ्ठ्याचा मूळ खोका, लेबलासकट, रिकामा.

काकूंना कानाचे यंत्र घ्यायचे होते, आणि मुलाकडे मागायचे नव्हते. एक दुकानदार येऊन सगळ्याचे चार हजार देऊ करून गेला होता.

‘‘सगळ्याचे म्हणजे?’’ मी ओरडून विचारले.

‘‘ओरडू नकोस. सगळ्याचे म्हणजे सगळ्याचे. तो रिकामा खोकासुद्धा हवाय त्याला. दोनदा बजावून गेला.’’

गृहस्थ रिकाम्या पुठ्ठ्यासाठी दोनदा बजावतो तेव्हा त्याची मेख पुठ्ठ्यातच असते. जनावराबरोबर त्याचा मूळ खोका असला तर दोघांचाही भाव चढतो. आम्ही जमिनीवर वर्तमानपत्र पसरले आणि त्रेचाळीस जनावरांचे तीन कळप केले. सव्वीस धडधाकट, अकरा रंग उडालेली किंवा दुरुस्त केलेली, सहा पांढऱ्या भुकटीने गेलेली. ती सहा डब्याबाहेर, लाकडी खणात राहिली होती. सगळे एकगठ्ठा विकले की घेणारा सहा मेलेल्यांकडे बोट दाखवून सव्वीस जिवंतांचा भाव पाडतो. म्हणून कळप आधी मोडायचा.

खोका आणि त्यातली पाच जनावरे एका इंग्रज गिऱ्हाइकाने मागितली. किंमत बरी देत होता. पण शंभर वर्षे झालेली कलाकुसरीची वस्तू १९७२ च्या कायद्याने आपल्याला परदेशी पाठवता येत नाही, आणि शेतवाडीची पहिली जनावरे आता शंभरी ओलांडून गेली आहेत. काकूंची तितकी जुनी नसावीत. पण तसा दाखला मिळवण्यासाठी पुरातत्त्व खात्यात खेटे घालायचे कोणी? मी घरच्या घरीच गिऱ्हाईक शोधायचे ठरवले.

दादरच्या पारशी कॉलनीतले एक गृहस्थ आले. एकेक जनावर खिडकीशी नेऊन पाहत होते. एक तांबडा नांगराचा घोडा त्यांनी नऊशेला बाजूला काढला. त्याचा मागचा पाय काकांनी लहानपणी काडीने जोडला होता, आणि तो इतका सफाईने की त्यांना दिसला नाही. मी तो दाखवला. त्यांनी चष्मा वर केला, माझ्याकडे पाहिले आणि नऊशेचे तीनशे केले.

ते जिना उतरायच्या आत काकू कडाडल्या, ‘‘अरे, त्याला दिसलं होतं का? मग तू कशाला दाखवलंस?’’

‘‘काकू, घरी जाऊन ते भिंगाखाली बघणारच.’’

‘‘बघेना का! तोवर पैसे आपल्याकडे.’’

मुंबईत शिशाची जनावरे घेणारी माझ्या ओळखीची माणसे वीसही भरणार नाहीत, ती सगळी एकमेकांना ओळखतात आणि एका घोड्याची बातमी आठवड्यात वीसही घरी पोचते, हे मी त्यांना समजावून सांगितले. त्या सहाशे रुपयांचे दुःख मात्र त्यांना महिनाभर पुरले. काकांचे काम इतके चोख होते आणि त्याचेच पैसे कापले गेले, याचा राग त्यात अधिक होता.

सव्वीस आणि तो घोडा मिळून, खोक्यासकट, साडेतेवीस हजार झाले. वर थोडे घालून काकूंनी कानाचे यंत्र घेतले. ते इतके चांगले निघाले की खालच्या मजल्यावर त्यांच्याविषयी काय बोलतात हेही त्यांना कळू लागले. सहा रोगट जनावरे मी वेगळ्या डब्यात घालून ठेवली आहेत. उरलेली दहा, रंग उडालेली, त्यांच्याचकडे आहेत.

परवा मी गेलो असताना त्या पहिल्या दुकानदाराचा फोन आला. दहांचे पंधराशे देतो म्हणत होता; मला खुर्चीवरून ऐकू येत होते. काकू शांतपणे म्हणाल्या, ‘‘काय म्हणालात? ऐकू येत नाही हो मला. जरा मोठ्यानं सांगा.’’

तो अठराशे म्हणाला. काकूंनी माझ्याकडे पाहिले आणि यंत्र लावलेला कान बदलून फोन दुसऱ्या कानाला लावला.