ओसरीवरचं पोळं

वर्गात 'गांधीलमाशी' हा शब्द आला की एक तरी मूल हमखास विचारायचं, "बाई, ह्या माशीचा आणि गांधीजींचा काय संबंध?" वर्ग हसायचा. मग मी सांगायचे, की अंगावर उठते ती लाल, खाजरी फुगवटी म्हणजे गांधी. ढेकूण चावला, पित्त उठलं, की आमच्या आया-आज्या "अंगभर गांधी उठल्या" म्हणायच्या. व्युत्पत्ती काय ती पंडितांनी ठरवावी, पण गांधी उठवते ती गांधील, एवढं मुलांच्या लक्षात राहायला पुरेसं होतं. आता नातवंडांना 'रॅश' कळतो, गांधी कळत नाही. असो.

आज लिहायचंय ते शब्दाबद्दल नाही, माशीबद्दल.

आपल्या घरात घर करणाऱ्या ह्या जातीच्या माश्या मुख्यतः दोन तऱ्हेच्या. एक कुंभारीण. ही एकटी, मातीचं घर बांधणारी. फोटोच्या मागे, खिडकीच्या कोपऱ्यात, कुलपाच्या भोकातसुद्धा! ती सहसा कुणाच्या वाटेला जात नाही, कारण घर बांधून, आत अंडं घालून, तोंड लिंपून ती निघून जाते. राखणीला कुणी नसतंच. दुसरी गांधील. हिचं पोळं कागदी, आणि त्यावर सगळ्या मिळून पहारा. पोळ्याला धक्का लागला की अंगावर येतात. मधमाशीची नांगी काटेरी असल्यामुळे कातडीत अडकते आणि ती बिचारी एकदा डसून मरते. गांधिलीचं तसं नाही. ती पुन्हा पुन्हा डसू शकते. त्यामुळे कुणी "आमच्याकडे माश्यांनी घर केलंय" म्हटलं, की मी आधी विचारते, मातीचं की कागदी?

आमच्याकडचं कागदी होतं. ओसरीवर, झोपाळ्याच्या बरोबर वर.

गेल्या वर्षी फेब्रुवारीच्या शेवटी ह्यांना ते पहिल्यांदा दिसलं. वाशाला एक काळसर देठ आणि त्याला उलट्या टांगलेल्या चार-पाच खोल्या. त्यावर तीन माश्या. तांबूस-तपकिरी, बारीक कमरेच्या, पोटाच्या शेवटाकडे पिवळा पट्टा. ह्यांनी मला हाक मारून दाखवलं आणि लगेच म्हणाले, "झाडू आणू नकोस हं."

ह्यांचं असं आहे की गुडघ्यांमुळे गेली दोन वर्षं फिरायला जाणं बंद झालंय. ऐकूही कमी येतं, त्यामुळे फोनवर गप्पा नाहीत, टीव्ही नाही. पेपर वाचून झाला की दिवस मोठा असतो. तो दिवस त्या पोळ्याने भरून काढला. जुन्या डायरीत नोंदी सुरू झाल्या. 'सकाळी 9.20 एक बाहेर गेली. 9.45 हिरवी अळी घेऊन आली. दुसरीने अर्धी घेतली.' आमच्या कढीपत्त्यावरच्या आणि लिंबावरच्या अळ्या त्या उचलून आणायच्या, चावून त्यांचा गोळा करायच्या आणि खोल्यांतल्या पिल्लांना भरवायच्या. त्या वर्षी लिंबाची पानं शाबूत राहिली, हे मीही कबूल करते.

आणि कागद! आमच्या मागच्या दाराची फळी जुनी, रंग उडालेली. त्यावर बसून माशी मागे मागे सरकत लाकूड खरवडायची. मला तो आवाज ऐकू यायचा, अगदी बारीक, नखाने खाजवल्यासारखा. ह्यांना यायचा नाही, म्हणून मी सांगायची, "आली हो तुमची सुतारीण." ते लाकूड लाळेत मळून तिचा कागद होतो. फ्रान्समधल्या रेओम्यूर नावाच्या शास्त्रज्ञाने 1719 साली हेच पाहून तिथल्या अकादमीपुढे मांडलं होतं, की माशी लाकडाचा कागद करते तर माणसाला का जमू नये? तेव्हा कागद चिंध्यांपासून व्हायचा. आयुष्यभर वह्या तपासल्या, पण त्या कागदाशी गांधिलीचं असं नातं निघेल असं कधी वाटलं नव्हतं.

आमचा नातू बंगळूरला असतो. त्याने फोटो पाहून आजोबांना लांबलचक मेसेज पाठवला. तिथल्या भारतीय विज्ञान संस्थेतले प्राध्यापक राघवेंद्र गदगकर ह्यांनी अशाच माश्यांवर कित्येक दशकं काम केलंय, 2001 साली त्यावर मोठं पुस्तकही लिहिलंय. आमची माशी दिसण्यावरून तरी त्यांचीच वाटते. त्यांना आढळलं ते असं, की ह्या पोळ्यातली राणी दिसायला इतरांसारखीच, आणि स्वभावाने अगदी गरीब. कुणावर गुरगुरत नाही. तिचा अंमल चालतो तो तिच्या अंगच्या गंधावर. ती नाहीशी झाली की मात्र थोड्याच वेळात कामकऱ्यांतली एक जण एकदम भांडखोर होते, सगळ्यांच्या अंगावर धावून जाते. बाकीच्या तिला मुकाट्याने मानतात. मग काही दिवसांत ती अंडी घालायला लागते आणि तीही गरीब होऊन बसते! (माझ्या नोकरीत मी बऱ्याच मुख्याध्यापिका पाहिल्या. पहिला टप्पा सगळ्यांचा असाच होता. दुसरा फार थोड्यांचा.) नर माश्या काम काही करत नाहीत, थोड्या दिवसांत पोळं सोडून जातात ते परत येत नाहीत. हे वाचून आमचे हे म्हणाले, "म्हणजे पेन्शनीत काढलेले."

इथपर्यंत सगळं गमतीचं वाटेल. आता दुसरी बाजू.

2011 साली चुलत दिरांच्या शेतावर ह्यांच्या मानेवर गांधीलमाशी डसली होती. एकच. दहा मिनिटांत अंगभर गांधी, ओठ सुजले, आवाज बदलला, श्वासाला घरघर लागली. आमच्या वहिनींनी लोखंडाची विळी घासली, कुणी चुना आणला. पुतण्याने कुणाचंही न ऐकता ह्यांना मोटरसायकलवर मध्ये बसवलं, मागे एकाने धरलं आणि तालुक्याला नेलं. डॉक्टर दवाखान्यात होते. त्यांनी मांडीत अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन दिलं, मग सलाईन. रात्री हे बोलायला लागले. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की पुढच्या वेळी ह्याहून कमी होईल की जास्त, सांगता येत नाही. लोखंड-चुन्यात वेळ घालवायचा नाही, आणि मुळात पुढची वेळ येऊ द्यायची नाही.

ते वाक्य मी चौदा-पंधरा वर्षं जवळ बाळगून आहे. आणि हा माणूस त्याच माश्यांच्या खाली बसून डायरी लिहीत होता.

मी म्हटलं, "अहो, हे काढायला हवं."

"मी खाली बसतो, त्या वर बसतात. आमचं काही भांडण नाही."

"भांडण नाही हो, पण झोपाळा हलतो ना! कड्या त्याच तुळईला आहेत."

ह्यावर त्यांनी काय करावं? झोके घेणं बंद केलं. दोन्ही पाय जमिनीला टेकून, हलत्या झोपाळ्याला धरून ठेवल्यासारखे बसायला लागले. चाळीस वर्षांत पहिल्यांदा आमच्या ओसरीवर दुपारी चारला कड्यांची कुरकुर थांबली. मला त्यांचा राग आला आणि पोटात कालवलंही.

एप्रिलमध्ये नव्या माश्या बाहेर पडायला लागल्या. मेमध्ये एका संध्याकाळी मोजल्या तर चौदा. गल्लीतले सगळे तज्ज्ञ झाले. कुणी म्हणे टेंभा लावा. वर सागवानी वासे, कौलांखाली वाळलेल्या फळ्या, आणि टेंभा! कुणी म्हणे लांबून पाण्याचा फवारा मारा, म्हणजे चौदा चिडलेल्या माश्या आणि पळता न येणारा एक माणूस. कुणी ढेकणांच्या औषधाचा डबा आणून ठेवला. तो मी हात न लावता परत केला.

शेवटचं निमित्त घडलं ते नातवामुळेच. त्याने सांगितलं की शास्त्रज्ञ एकेका माशीवर रंगाचे ठिपके देतात, म्हणजे कोण कोण ते ओळखता येतं. दुसऱ्या दिवशी ह्यांनी मला अगदी सहज विचारलं, "सूनबाई दिवाळीला आली होती, तिची नेलपॉलिशची बाटली कुठे राहिलीय का?"

मी त्याच दुपारी फोन केला.

माझा एक जुना विद्यार्थी आहे. वायरिंगची कामं करतो आणि सर्पमित्रही आहे. अभ्यासात यथातथाच, पण बाकावरची मुंगीसुद्धा कागदावर घेऊन बाहेर सोडायचा. तो म्हणाला, "बाई, जाळायचं नाही ना? मग येतो." मी ह्यांना सकाळीच सांगून टाकलं, आज संध्याकाळी काढणार. ते काही बोलले नाहीत. पोहे तसेच ठेवले. तासाभराने म्हणाले, "अंधार पडल्यावर कर म्हणावं. सगळ्या घरी आलेल्या असतील." एवढीच त्यांची अट, आणि ती शहाणपणाचीच होती.

वळीव पडून गेला होता, हवा थंड होती. ह्यांना मी आतल्या खोलीत बसवलं, खिडक्या लावल्या, दाराखाली टॉवेल दाबला. डॉक्टरांना आधी फोन करून ठेवला होता आणि पुतण्याची गाडी दारात उभी होती. मुलगा रेनकोट, हातमोजे, डोक्यावर हेल्मेट आणि वरून मच्छरदाणीचा तुकडा अशा अवतारात आला. बॅटरीला लाल जिलेटिन लावलेला, कारण ह्या माश्यांना लाल उजेड फारसा दिसत नाही. शिडीवर चढून त्याने लोणच्याची रुंद तोंडाची प्लॅस्टिकची बरणी खालून अलगद पोळ्यावर चढवली, वाशाला टेकवली आणि पातळ पत्रा सरकवून देठ कापला. पोळं बरणीत पडलं. आत तांदूळ पाखडल्यासारखा आवाज झाला. पत्र्यावरून झाकण आलं. मोजून दोन मिनिटं! भोकं पाडलेल्या झाकणातून मी पाहिलं, तर त्या आपल्या पोळ्यालाच घट्ट धरून होत्या.

त्याने बरणी ह्यांना काचेतून दाखवली. ह्यांनी खुणेने विचारलं, किती? त्याने बोटं दाखवली, अकरा.

पोळं त्याने नदीकाठच्या एका बंद पडलेल्या मोटारीच्या खोलीत तारेने आढ्याला बांधलं. आठवड्याने फोन करून कळवलं की चार-पाच माश्या त्यावर बसलेल्या दिसल्या. बाकीच्यांचं काय झालं त्यालाही ठाऊक नाही.

वाशावरचा देठाचा बुंधा मी दुसऱ्या सकाळी खरवडला आणि जागा साबणाच्या पाण्याने, मग रॉकेलच्या बोळ्याने पुसली, कारण त्याच जागी पुन्हा बांधायला घेतात. तरी तीन माश्या आल्याच. रात्री कुठे राहिल्या होत्या कोण जाणे. जिथे देठ होता तिथे एकमेकींना चिकटून बसल्या. एक अळी घेऊन आली होती. भरवायला कुणी नव्हतं. ती बराच वेळ अळी तोंडात धरून वाशावर फिरत राहिली. मी शिडीखाली उभी राहून पाहत होते. त्या चार दिवसांत ह्यांना ओसरीवर येऊ दिलं नाही. ते आतल्या खिडकीच्या काचेशी खुर्ची घेऊन बसायचे. पाचव्या दिवशी जागा रिकामी होती. डायरीत त्या तारखेला एवढंच आहे, 'आज कोणी नाही.'

आणखी दोन दिवसांनी दुपारी मी पीठ चाळत होते, तर बाहेर कड्यांची कुरकुर ऐकू आली.

जुलैमध्ये सासूबाईंच्या फोटोमागे कुंभारणीने घर केलं. सासूबाईच म्हणायच्या, कुंभारीण घरात आली की पाळणा हलतो. आता आमच्या घरात कुणाचा पाळणा हलायचा! संतांच्या लेखी हीच भिंगुरटी. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूताने आपले 24 गुरू सांगितले, त्यांत शेवटची हीच, आणि नाथांनी त्या स्कंधावरच एकनाथी भागवत रचलं. कोंडलेली अळी भीतीने तिचा ध्यास घेते आणि तिच्यासारखीच होऊन बाहेर पडते, असा तो दृष्टान्त. मी वर्षानुवर्षं तो रंगवून शिकवला. खरी गोष्ट अशी, की आत ठेवलेली अळी किंवा कोळी हे डसून निपचित केलेलं अन्न असतं. ते खाऊन तिचंच पिल्लू बाहेर पडतं. मागच्या भिंतीवरचं एक जुनं मातीचं घर फोडलं तेव्हा आत वाळलेले कोळीच निघाले होते. दृष्टान्त मला अजूनही आवडतो. कोळ्याचं मत वेगळं असेल.

हे फोटोपाशी काठी टेकून उभे होते. मातीची गोळी घेऊन ती आली, गुणगुणत लिंपायला लागली. म्हणजे ती गुणगुणतेय हे मी त्यांना सांगितलं.

"हिला राहू देशील ना?"

"राहू दे. पण हात लावायचा नाही हं," मी म्हटलं. "आणि दिवाळीला फोटो पुसायला मी खाली काढणार."

त्यांनी डायरी मागितली. मी आणून दिली, पेनही दिलं.